रेलवरची गूजनेक प्लेट की हौद्याखालचा बॉल?

फिफ्थ व्हील कॅम्पर (पिकअपच्या हौद्यातल्या हिचला, म्हणजे जोडणीला, अडकवून ओढायचं फिरतं घर) विकला, त्याचा हिच बसवायचे लोखंडी रेल मात्र हौद्यात तसेच राहिलेत आणि आता गूजनेक ट्रेलर (लांब मानेचा, हौद्यातल्या बॉलवर बसणारा) ओढायचाय, अशा मंडळींसाठी लिहितोय. पर्याय दोन: त्याच रेलवर बसणारी बॉलची प्लेट, नाहीतर हौद्याखाली चासीला बसवलेला बॉल. मी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. थोडी जमीन आहे, आठ शेळ्या, एक महिंद्रा ट्रॅक्टर आणि पावणेसात फुटी हौद्याची फोर्ड एफ-२५० पिकअप. दीड वर्ष प्लेट वापरली, आता तीन वर्षं खालचा बॉल वापरतोय, त्यामुळे दोन्हींबद्दल बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो.

पहिल्यांदा प्लेटच घेतली, तुम्हीही तीच घ्याल. रेल आहेतच, चार पाय खाचांत सोडायचे, चार पिना, चार क्लिपा, वर २ ५/१६ इंची बॉल आयता. भोक पाडायला नको, ट्रकखाली सरपटायला नको, खर्च काही शे डॉलर. खालचा हिच फिटिंगसकट मला हजाराच्या बराच वर गेला, आणि रेलचे बोल्ट असे गंजलेले की शेवटी ग्राइंडरने कापावे लागले. हौद्यात होल सॉने ४ इंची भोक पाडताना तर स्वतःच्याच घराच्या स्लॅबला भगदाड पाडतोय असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

प्लेटचे छोटे त्रास असे की बॉल काही इंच वर येतो, मग ट्रेलरचं नाक आकाशाकडे, आणि लेव्हल करायला कपलरचा (ट्रेलरच्या मानेचं बॉलवर बसणारं टोक) नळा वर सरकवावा लागतो. प्लेट काढायची तर हौद्यात चढून वाकून एकट्याने उचलायची, त्यामुळे ती काढलीच जात नाही, वर्षभर तिथेच. मग फावड्याने खडी ओढा नाहीतर प्लायवूड टाका, मध्ये लोखंड आडवं. पण एवढ्यासाठी मी काही बदललं नसतं.

बदललं ते त्या आवाजामुळे. पिनांची भोकं पिनांपेक्षा जराशी मोठी असतात, पायही खाचेत थोडे हलतात, त्यामुळे ब्रेक मारला की ठण्, सोडला की परत ठण्. ट्रॅक्टर लादलेला असला की नाकावर वजन असतं, तेव्हा जरा गप्प, पण रिकामा ट्रेलर म्हणजे प्रत्येक स्टॉप साइनला देवळाची घंटा. बायको शेजारी बसलेली असली की दर वेळी, "अरे काहीतरी पडलं बघ." पहिले काही दिवस मी खरंच उतरून बघायचो. मग खाचांत जुन्या ट्यूबचे तुकडे घालून पाहिले, आठवडाभर बरं वाटलं, नंतर त्यांचा भुगा झाला. मग सवय झाली आणि उतरणं बंद.

आणि तिथेच गोची झाली. एका शनिवारी गवताचे गठ्ठे घेऊन घरी आलो, प्लेटवरचा कचरा झाडताना दिसलं की मागच्या डाव्या पायाची क्लिप गायब आहे आणि पिन अर्धी बाहेर आलीय. किती मैल तशीच आली देव जाणे. वाटेत आवाज येत होता ना, पण तो रोजच येतो. त्यात सेफ्टी चेनही त्या प्लेटलाच अडकवलेल्या, म्हणजे प्लेटच निघाली तर साखळ्याही तिच्याबरोबर निघणार. कदाचित माझी प्लेटच सैल असेल, काही जणांच्या अगदी शांत चालतात म्हणे, पण माझं मन त्या दिवशी उडालं.

आता खाली बी अँड डब्ल्यूचा टर्नओव्हर बॉल आहे. सगळा भार थेट चासीवर, साखळ्या हौद्यातल्या स्प्रिंगवाल्या यू-बोल्टला, आणि ते बोल्ट खालच्या हिचलाच बसवलेले. काम झालं की व्हील वेलमधलं (चाकावरच्या कमानीतलं) हँडल ओढायचं, बॉल उलटा करून त्याच भोकात ठेवायचा, हौदा जवळजवळ सपाट. आवाज शून्य नाही, कपलर आणि बॉलमधला थोडासा असतो, पण आता काही वेगळं वाजलं तर कान टवकारतात. तक्रार एकच, चिखल-पाऊस झाला की त्या भोकात गाळ साचतो, अधूनमधून साफ करून ग्रीस लावावं लागतं.

परत कॅम्पर घेतला तर काय, हा प्रश्न मलाही होता. त्याच भोकात बसणारे फिफ्थ व्हील हिच मिळतात, रेल लागतच नाहीत. तेही जड असतात हे खरं. ट्रक नवा असेल आणि कंपनीचे पक (हिच बसवायला हौद्यात आधीच दिलेली भोकं) आलेले असतील तर या वादात पडूच नका, त्याच्या मधल्या भोकात बॉल टाका आणि मोकळे व्हा.

कॅम्पर अजून आहे आणि गूजनेक वर्षातून दोन-तीनदाच, तेही जवळपास, असं असेल तर प्लेट ठीक आहे, मी अडवणार नाही. फक्त वजनाची मर्यादा बघताना रेल, प्लेट, बॉल आणि ट्रक यांत जी सगळ्यात कमी तीच धरा, आणि दर वेळी निघताना चारही क्लिपांना हात लावून बघा, नुसतं बघू नका. पण महिन्यातून चार फेऱ्या असतील तर मी तरी रेल काढूनच टाकेन.

माझे काढलेले रेल शेडमागे पडलेत, शेळ्या त्यावर चढून उभ्या राहतात. प्लेट कोणाला हवी असेल तर येऊन घेऊन जा, क्लिपा मात्र तीनच आहेत.