टाइड क्लॉक: उधाणाला ठीक, भांगाला बेभरवशाचं

अलिबागला आमचं छोटं होमस्टे आहे आणि बॅग खाली ठेवायच्या आधी प्रत्येक पाहुणा विचारतो की समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत कधी जाता येईल. रोज तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून हॉलमध्ये लावायला ऑनलाइन हे भरती-ओहोटीचं घड्याळ मागवलं, दीडेक हजाराला पडलं. एक अख्खा सीझन भिंतीवर आहे, आता लिहायला हरकत नाही.

दिसायला झकास. काटा एकच, वर भरती, खाली ओहोटी, आणि दोन्ही बाजूंना 5 ते 1 आकडे, म्हणजे पुढच्या भरतीला नाहीतर ओहोटीला किती तास उरले ते. एक पेन्सिल सेल लागतो. साध्या घड्याळाचा काटा 12 तासांत फिरतो, हा 12 तास 25 मिनिटांत फिरतो, कारण चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पूर्ण भरती झाली की मागचं चाक फिरवून काटा वर आणायचा, झालं सेटिंग. सोबतचं पत्रक मात्र पूर्ण इंग्रजीत आणि अक्षरं एवढी बारीक की मुलाकडून वाचून घेतलं.

आता खरी गोम. घड्याळाला भरती एवढंच कळतं, ती उधाणाची आहे की भांगाची हे कळत नाही, आणि आमच्याकडे सगळा खेळ त्यावरच आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच लांब जातं, सगळ्यात मोठं पाणी बहुतेक तिथीनंतर एक-दोन दिवसांनी. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ आडवी पडते म्हणून भांग, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. मुंबईच्या अपोलो बंदराचे सरासरी आकडे बघा: उधाणात भरती 4.42 मीटर आणि ओहोटी 0.76, भांगात भरती 3.30 आणि ओहोटी 1.86. म्हणजे भांगाच्या ओहोटीला उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर पाणी जास्तच राहतं. घड्याळाचा काटा दोन्ही दिवशी तसाच खाली, आणि पाहुणे बूट हातात घेऊन निघालेले!

एकदा एक फॅमिली अशीच काटा बघून निघाली होती, बाहेर बाकड्यावर बसलेल्या शेजारच्या काकांनी तिथूनच हटकलं, "पाणी भांगाचं हाय, आज वाट उघडी पडायची नाय." काकांनी घड्याळाकडे बघितलंही नव्हतं. शेवटी मंडळी होडीने गेली.

उधाणात वेगळी भानगड. किल्ल्यात चालत जाता येतं, घोडागाडीही जाते, पण परतायला रेंगाळलात तर पाणी थांबत नाही, भरतीच्या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं, म्हणजे उधाणाला पुरुषभर. काटा 3 वर आला म्हणजे अजून तीन तास आहेत असं समजून किल्ल्यात फोटो काढत बसणारे लोक मी बघितलेत.

वेळेचंही सांगतो. उधाणाच्या दिवसांत भरती रोज चाळीसेक मिनिटं पुढे जाते, भांगात तास-सव्वा तास, घड्याळ बिचारं वर्षभर सरासरी 50 धरून चालतं. त्यामुळे पौर्णिमेला चोख, आणि अष्टमीकडे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, मग अमावास्येला परत आपोआप जुळतं. सेल काढून बघितला, नवीन घातला, काही फरक नाही, ते तसंच बनवलंय. कोकणात दिवसाला दोन भरत्या येतात म्हणून इथे एवढं तरी चालतं, जिथे दिवसाला एकच येते तिथे हे घेऊच नका.

त्यापेक्षा आमच्याकडचा जुना हिशोब फुकट आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, शुद्ध असो की वद्य. वर तिथी बघितली की उधाण का भांग हेही त्याच फटक्यात कळतं, जे दीड हजाराच्या घड्याळाला जमत नाही.

पाचपैकी तीन स्टार. शोसाठी आणि पोरांना दाखवायला घ्या, पोरं तासन् तास काट्याकडे बघतात. खाऱ्या हवेने मागच्या खिळ्याच्या कडीला गंज चढलाय, काच आणि डायल अजून ठीक. मी आता खाली एक पाटी टांगलीये, रोज सकाळी खडूने उधाण किंवा भांग लिहितो, आणि भांग असेल त्या दिवशी होडीवाल्याचा नंबर.