जुना कन्सोल दुरुस्त करायचा की काढायचा? स्टुडिओ नव्याने उभारताना

समजा, कंट्रोल रूममध्ये पंचवीस-तीस वर्षांचा ३२ चॅनेलचा अ‍ॅनालॉग कन्सोल, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं मिक्सिंग टेबल आहे. काही फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या पट्ट्या) खरखरतात, दोन-तीन चॅनेल बंदच आहेत आणि नूतनीकरणासाठी पैसे एकदाच हातात येणार आहेत. कन्सोल दुरुस्त करावा, की तो काढून प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं साधन), कन्व्हर्टर (आवाजाचं डिजिटल रूप करणारं साधन) आणि संगणक बसवावा? ही चर्चा बहुतेक वेळा ‘अ‍ॅनालॉगचा गोडवा’ या शब्दापाशी अडकते. आमच्या मते निर्णय दोन प्रश्नांवर ठरतो. तुमच्याकडे एका वेळी किती कलाकार एकत्र बसून वाजवतात? आणि कन्सोल अडला तर तो उघडून दुरुस्त करणारा माणूस किती तासांत दारात येतो?

त्याआधी खोली आणि वीज

हे पैसे दोन्ही पर्यायांच्या आधी बाजूला काढा, कारण ते दोन्हींत सारखेच लागतात. लाइव्ह रूम ७.५ × ५.५ मीटर आणि उंची ३.३ मीटर असेल, तर घनफळ सुमारे १३६ घनमीटर होतं. तबला, संवादिनी आणि गायन यांसाठी ०.४५ सेकंदाच्या आसपास अनुरणन (खोलीत आवाज विरायला लागणारा वेळ) ठेवायचं, तर साधारण ४९ चौरस मीटर पूर्ण शोषणाइतका माल लागतो. खोलीचा एकूण पृष्ठभाग सुमारे १६८ चौरस मीटर आहे, म्हणजे सगळ्या भिंती मढवायची गरज नाही. तरीही कंत्राटदार चारही बाजूंनी फोम लावून देतो. त्यात वरचे स्वर गिळले जातात, खर्ज तसाच घुमत राहतो आणि संवादिनी पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी येते. घनमीटरला ४८ किलो घनतेचं १०० मिलिमीटर जाडीचं ग्लासवूल, मागे तेवढीच हवेची पोकळी, कोपऱ्यांत ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी आणि वर हवा जाऊ देणारं कापड, एवढं जिथे लागतं तिथे लावा.

आवाज बाहेर फुटतो तो बहुधा छोट्या चुकांमुळे. दुहेरी जिप्सम भिंतीत एकच लांब स्क्रू दोन्ही थरांतून आरपार गेला, की कंपनांना पूल मिळतो. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले, तर मध्ये भोकच उरतं. केबलचे पाइप आतून न बुजवता सोडले, तर टॉकबॅक (कलाकाराशी बोलायचं बटण) दाबल्याशिवायच बोलणं ऐकू येतं.

विजेत ऑडिओचे सगळे प्लग एकाच फेजवर घ्या. एसी, लिफ्ट आणि दिव्यांचे डिमर दुसऱ्या फेजवर टाका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा. तो दोन व्होल्टच्या वर राहत असेल तर आधी अर्थिंगचं काम करा. हम (सततची गुणगुण) येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे अजून भेटतात. ते जिवावर बेतू शकतं. अर्थ लूप (दोन उपकरणांच्या अर्थ जोडण्यांतून बनलेलं वर्तुळ) तोडायचा असेल, तर बॅलन्स्ड केबलची शील्ड एका टोकाला सोडवा, अर्थची पिन नाही.

कन्सोल ठेवला तर

सुरुवात चॅनेलपासून करू नका, पॉवर सप्लायपासून करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसी विजेत उरलेली लहर) १०० हर्ट्झवर येतो. मीटरवर १०० हर्ट्झचा टोक दिसला तर संशय बहुधा सप्लायमधल्या वाळलेल्या कपॅसिटरवर घ्या, आणि ५० चा दिसला तर अर्थ लूप किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरवर. हा फरक न तपासता बत्तीस चॅनेल सोल्डर करून झाल्यावरही हम तसाच राहिला, असं होतं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमानावर ठरतं. दहा अंश कमी झाले की ते साधारण दुप्पट होतं. म्हणून नवे घालताना १०५ अंशांच्या दर्जाचे घ्या. एका चॅनेलमध्ये वीस धरले तर ३२ चॅनेलमध्ये ६४० कपॅसिटर, म्हणजे १,२८० सोल्डर जोड होतात. हात बसलेल्या तंत्रज्ञाला एका मॉड्यूलला तपासणीसह अडीच-तीन तास लागतील असं धरा. सगळ्या कन्सोलला ऐंशी ते शंभर तास होतात आणि मास्टर सेक्शन त्याहून वेगळा. एक मॉड्यूल करून शेजारच्या न केलेल्या मॉड्यूलशी तुलना करा. खर्ज, नॉइज आणि १ किलोहर्ट्झवरचं डिस्टॉर्शन पाहा. फरक दिसला तरच पुढे जा. घाई नडते ती अशी: सोल्डरिंग आयर्न जास्त तापलं की जुन्या बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडतो, आणि ध्रुव उलटा लागला की कपॅसिटर फुटतो.

मुंबई-कोकणात पावसाळा हा वेगळा शत्रू आहे. स्विच, पॅचबे (केबल जोडायची पट्टी) आणि मॉड्यूल जोडणाऱ्या रिबन केबलचे कनेक्टर ऑक्सिडाइज होतात. वर्षातून एकदा ते काढून पुन्हा बसवले तरी अर्धे ‘मेलेले’ चॅनेल जिवंत होतात. फेडरमध्ये गंज काढायचा साधा स्प्रे मारू नका. तो आतलं ग्रीस धुवून नेतो, तेल मागे ठेवतो आणि त्यावर धूळ चिकटते. खोलीची आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवणारा डीह्युमिडिफायर हाही कन्सोलच्याच खर्चात मोजा.

वीजबिलही मोजा. कन्सोल दीड किलोवॉट खात असेल आणि रोज बंद-चालू करण्यापेक्षा चोवीस तास चालू ठेवला, तर महिन्याला १,०८० युनिट होतात. ती सगळी उष्णता बाहेर काढायला एसीला आणखी सुमारे तीनशे-साडेतीनशे लागतात.

संगणकावर गेलात तर

इथे उष्णता आणि वीज यांचा प्रश्न जवळपास संपतो. चारशे वॉटची व्यवस्था दिवसाला दहा तास चालली, तर महिन्याला १२० युनिट. पण अडचणी वेगळ्या जागी जाऊन बसतात.

पहिली अडचण क्लॉकची, म्हणजे डिजिटल उपकरणाचा ठोका ठरवणाऱ्या घड्याळाची. दोन उपकरणं आपापल्या क्लॉकवर चालत असतील आणि त्यांच्यात दहा लाखात दहा भागांचा फरक असेल, तर ४८ किलोहर्ट्झवर साधारण दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल सरकतं. दर थोड्या वेळाने येणारी ती ‘टिक’ केबलची नसते. एकच मास्टर क्लॉक ठेवा, बाकी सगळे त्याच्या मागे लावा आणि ७५ ओहमच्या केबलच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेशन द्या.

दुसरी लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येण्याची. हीच जास्त महत्त्वाची. १२८ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेला २.७ मिलिसेकंद घेतो. जाऊन-येऊन, कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर धरून आकडा सात-आठच्या आसपास जातो. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून लगेच ऐकू येतो आणि हेडफोनमधून उशिरा. दोन्ही मिसळून आवाज पोकळ लागतो. तो म्हणतो, “सूर लागत नाहीये.” रेकॉर्डिस्ट मात्र माइक बदलत बसतो. कन्सोलवर हा प्रश्न उद्भवतच नाही. संगणकाच्या व्यवस्थेत कन्व्हर्टरमध्येच मिक्सर असलेलं, म्हणजे सॉफ्टवेअरमधून न जाता थेट ऐकवणारं साधन घ्यावं लागतं. तिथे कंजूसपणा करू नका.

तिसरी अंतराची. खोलीतला पंख्याचा आवाज टाळायला संगणक शेजारच्या मशीन रूममध्ये ठेवाल, पण साधी थंडरबोल्ट केबल दोन मीटरपलीकडे जात नाही. MADI (अनेक चॅनेल एकाच केबलने नेणारी डिजिटल पद्धत) ची कोअ‍ॅक्सियल केबल शंभर मीटरपर्यंत जाते आणि इथरनेटवरची व्यवस्थाही तेवढीच. MADI वर ४८ किलोहर्ट्झला ६४ चॅनेल मिळतात, ९६ ला ३२ च, हे खरेदीआधी मोजा. साठवणही मोजा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ३२ ट्रॅक तासाला सुमारे १६.६ गिगाबाइट घेतात.

या पर्यायाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे रिकॉल, म्हणजे जुनी मांडणी जशीच्या तशी परत आणणं. मालिकेचं शीर्षकगीत चार महिन्यांनी “फक्त गायक थोडा वर घ्या” म्हणत परत येतं. संगणकावर सत्र उघडलं की काम सुरू. कन्सोलवर मागच्या फोटोंवरून एकेक नॉब लावायला तास जातो आणि शेवटी थोडा फरक राहतोच. जाहिराती, जिंगल आणि मालिका हीच तुमची मुख्य कामं असतील, तर इथे फारसा विचार करायची गरज नाही.

मग कोणासाठी काय

ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये पूर्ण वाद्यवृंद एकत्र बसून गाणी ध्वनिमुद्रित होत. ती पद्धत आज कमी झाली आहे, पण भजनी मंडळं, नाट्यसंगीत आणि शास्त्रीय मैफली अजूनही तशाच मुद्रित व्हायला हव्यात. पखवाजाला दोन माइक, तबला-डग्ग्याला दोन, संवादिनीला दोन, टाळ, तानपुरा आणि मुख्य गायकाला एकेक, कोरसला तीन, खोलीचे दोन: चौदा माइक झाले, आणि पाच-सहा वेगवेगळे हेडफोन मिक्स. हे काम महिन्यात आठ-दहा दिवस असेल आणि तंत्रज्ञ एका दिवसात येत असेल, तर कन्सोल ठेवा. हात फेडरवर असताना पखवाजवाल्याच्या कानात आवाज वाढवायला अर्धा सेकंद लागतो, आणि तो समाधानी असला की टेक लागतो.

एकेक कलाकार येऊन डब करत असेल, तर कन्सोलचे बत्तीसपैकी तीस चॅनेल नुसते तापत राहतात. तिथे दोन किंवा चार उत्तम प्रीअँप, चांगले कन्व्हर्टर आणि वेगळा मॉनिटर कंट्रोलर पुरतो. शिवाय तीन मीटर रुंद कन्सोलचा सपाट पृष्ठभाग स्पीकरचा आवाज परावर्तित करतो. मार्गातला फरक ३० सेंटिमीटर असेल तर साधारण ५७० हर्ट्झवर खड्डा पडतो. लहान टेबल ठेवलं तर हा त्रास कमी होतो.

मधला मार्गही आहे: १६ चॅनेलचा छोटा अ‍ॅनालॉग भाग मुद्रणासाठी आणि मिक्स पूर्ण संगणकात. जुन्या कन्सोलची मॉड्यूलं काढून रॅकमध्ये बसवून देतो असं कोणी म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा. सप्लायचे व्होल्टेज आणि माइकला लागणारे ४८ व्होल्ट कुठून येणार? मॉड्यूलचा आउटपुट बॅलन्स्ड आहे का? कन्सोलच्या आवाजातला वाटा उचलणारे बस अँप (सगळे चॅनेल एकत्र करणारे अँप्लिफायर) मागेच राहणार का? चालू कन्सोल केवळ यासाठी तोडू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. सांगाडाच मेला असेल तेव्हा ठीक.

डॉल्बी अ‍ॅटमॉसचा (चहूबाजूंनी आणि वरून ऐकू येणाऱ्या ध्वनीचा) विचार आज नसला, तरी भिंती आणि छत उघडे असताना बारा स्पीकरसाठी रिकामे पाइप टाकून ठेवा. ७.१.४ ला तेवढे लागतात. मोठ्या स्टीरिओ कन्सोलला तरीही वेगळा मॉनिटर कंट्रोलर घ्यावाच लागेल.

निर्णय पक्का करण्याआधी एक दिवस कन्व्हर्टर आणि प्रीअँप भाड्याने आणा आणि त्याच मंडळाचं तेच भजन दोन्ही व्यवस्थांवर मुद्रित करा. प्लेबॅक मागाहून ऐका. आधी तबलजीला आणि गायकाला विचारा, हेडफोनमध्ये कुठे सोपं गेलं. आणि कन्सोल काढायचा ठरला, तर दाराची रुंदी आज मोजा. त्याला बाहेर न्यायची जागा भिंत उघडी असेपर्यंतच आहे.