सरासरीआड लपलेला चोर : वायरशार्क ४.४

नेटवर्कची लिंक पंचवीस टक्केही भरलेली नाही आणि तरी त्यावरच चालणाऱ्या फोनवर आवाज तुटतोय, ही तक्रार आली की माझ्या पोटात गोळा येतो. कारण मॉनिटरिंगचा ग्राफ दाखवायला जावं तर तो पाच मिनिटांची सरासरी काढून सगळं गुळगुळीत करून ठेवतो. समोरचा म्हणतो, "मग आवाज का तुटतो?" आणि आपण गप्प.

वायरशार्क म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं (डेटाचे तुकडे) पकडून उलगडून दाखवणारा प्रोग्राम. त्याला लोक इथरियल म्हणायचे तेव्हापासून मी तो वापरतोय (नाव बदललं २००६ मध्ये). त्यामुळे नवीन आवृत्ती आली की "असेल काहीतरी" म्हणून सोडून द्यायची खोड. ऑगस्ट २०२४ मध्ये ४.४ आली तेव्हाही तेच केलं. या आवाजाच्या भानगडीत मात्र नीट बसून पाहिली.

पहिला फायदा आयओ ग्राफचा, म्हणजे कोणत्या क्षणी किती डेटा गेला ते दाखवणाऱ्या आलेखाचा. त्यात आता एका मिलिसेकंदाहून बारीक तुकडे पाडता येतात. स्विचवर पोर्ट मिरर करून (म्हणजे एका पोर्टवरच्या डेटाची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढून) कॅप्चर घेतला. सेकंदाच्या मापाने ग्राफ शहाण्या मुलासारखा बसलेला. १०० मायक्रोसेकंदांवर आणला आणि कंगव्याचे दात दिसले. गिगाबिट लिंकवर तेवढ्या वेळात फार तर १ लाख बिट मावतात, आणि रेषा थोड्याथोड्या वेळाने बरोबर तिथे जाऊन टेकत होती. बॅकअपचे दोन सर्व्हर एकाच पोर्टकडे एकदम डेटा ओतत होते. त्या क्षणी स्विचचा बफर, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायची जागा, तुडुंब. आणि आवाजाचं पॅकेट यूडीपीवरचं, म्हणजे हरवलेलं पुन्हा न पाठवणाऱ्या पद्धतीचं, गळलं की गेलंच. अर्थात हे बघायला कॅप्चर कार्ड हार्डवेअर टाइमस्टँप देणारं, म्हणजे पॅकेटची वेळ स्वतःच नोंदवणारं हवं. साध्या लॅपटॉपवर इतकं बारीक बघणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

पण मला खरा आवडला तो कस्टम कॉलम, म्हणजे पॅकेटांच्या यादीत आपण स्वतः जोडायचा रकाना. पूर्वी त्यात नुसतं फील्डचं नाव टाकता यायचं. आता गणितही चालतं. मी यूडीपीच्या लांबीतून २० वजा करणारा कॉलम केला: यूडीपी हेडरचे ८ बाइट, आरटीपीचे (आवाज वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचे) १२. उरतो तो आवाज. जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) २० मिलिसेकंदांचं पॅकेट पाठवत असेल तर तिथे १६० यायला हवेत. खाली १६०, १६०, १६० अशी माळच लागली, आणि एका फोनच्या ओळींत मध्येच ८०. त्या फोनची सेटिंग कुणीतरी १० मिलिसेकंदांवर ठेवली होती. एरवी यासाठी लुआ या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट लिहीत बसलो असतो, आणि ती लिहायचा कंटाळा मी वर्षानुवर्षं केलाय.

प्रोफाइल, म्हणजे कॉलम, रंग वगैरेंची साठवलेली मांडणी, आपोआप बदलण्याची सोयही आली आहे. प्रोफाइलला फिल्टर जोडून ठेवायचा. फाइल उघडल्यावर सुरुवातीच्या पॅकेटांत तो जुळला की प्रोफाइल लागते. मी एकदा हाताने प्रोफाइल बदलली आणि "हे आता का बदलत नाही" म्हणून अर्धा तास डोकं खाजवलं. हाताने बदललं की त्या फाइलपुरतं ते थांबतं. ही माहितीपुस्तिकेत लिहिलेली गोष्ट, पण माहितीपुस्तिका वाचतो कोण?

बॅकअपची वेळ रात्रीची केली. फोन आता नीट चालतात. दिवसाचा पाच मिनिटांवाला ग्राफ मात्र पूर्वीइतकाच निवांत दिसतो.