दाढीसाठी मग घ्यायचा तर कुठला? वाटी, कॉफी मग, स्कटल आणि सूपचा मग

मराठी घरात मग म्हटलं की आठवतो बादलीत तरंगणारा प्लास्टिकचा. दाढीत त्याला एकच काम द्यावं: अर्धा भरून शेजारी ठेवायचा आणि दोन-तीन हात मारून झाले की रेझर त्यात विसळायचा. नळ सोडून ठेवावा लागत नाही. फेसाचा मग वेगळा. त्याच्याकडून तीन कामं मागितली जातात: साबणाची वडी सांभाळणं, फेस फेटू देणं आणि फेस कोमट ठेवणं. एकाच भांड्याला ही तिन्ही नीट जमत नाहीत. एका कामाचा मग आणून त्याला दुसऱ्या कामाला जुंपलं की ‘हा साबणच भिकार’ असं म्हणायची वेळ येते.

स्टीलची वाटी. सगळ्यात स्वस्त आणि फुटायची भीती नाही. पत्रा पातळ असल्याने आतला फेस लगेच गार पडतो. तळ गुळगुळीत, त्यामुळे क्रीम ब्रशमध्ये शिरण्याऐवजी तळाशी नुसतीच घसरते. पण हाच पातळ पत्रा एका ठिकाणी कामाला येतो. रुंद पातेल्यात दोन बोटं गरम पाणी घेऊन वाटी त्यात ठेवली, तर अर्ध्या मिनिटात तापते. चिनी मातीच्या मगाला त्यासाठी दोन-तीन मिनिटं लागतात. पाणी जास्त झालं तर वाटी तरंगून कलंडते, म्हणून ते वाटीच्या निम्म्या उंचीच्या खालीच हवं. तळाखाली ओलं फडकं घातलं की हलायची थांबते. ट्यूबमधल्या क्रीमला वाटी पुरते. वडीच्या साबणासाठी घेऊ नये.

कॉफीचा मग. नेहमीचा ३२५ मिलीचा मग आतून साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि नऊ खोल असतो. फेस फेटायला हा गैरसोयीचा. ब्रश पूर्ण आत जातो, बोटांची पेरं काठावर घासतात आणि मनगट फिरत नाही. साबण ठेवायला मात्र उत्तम. तुर्कस्तानच्या आर्को साबणाची ७५ ग्रॅमची कांडी किसून तळाशी दाबली तर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर थर होतो. दोन कांड्या किसल्या की साडेतीन, आणि वर साडेपाच सेंटिमीटर मोकळी जागा उरते, म्हणजे ब्रशला हवी तेवढीच. (किसणी वेगळी घ्या. खोबऱ्याच्या किसणीला आर्कोचा वास लागला तर पुढचं तुम्ही निस्तरा.)

कीस घालताना दर थराला चार-पाच थेंब गरम पाणी शिंपडून चमच्याच्या पाठीने दाबायचं आणि मग दिवसभर उघडा ठेवायचा. साबण मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नये. तो उतू जातो आणि सुगंधही उडतो. तयार वडी ठेवायची असेल तर तिची एक बाजू ओली करून तळाला दाबून बसवा, नाहीतर ब्रशबरोबर वडीही गरगर फिरते आणि साबण उचललाच जात नाही. मिचेल्स वूल फॅट या ब्रिटिश साबणासारख्या कडक वडीवर आंघोळीआधी चमचाभर कोमट पाणी घालून ठेवा आणि दाढीच्या वेळी ओतून टाका. ते तसंच राहिलं तर आठवड्याभरात वरचा थर शेंबडासारखा बुळबुळीत होतो.

स्कटल. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश घरांतली ही वस्तू. जुन्या स्कटलला रुंद चोच असते आणि वर भोकं पाडलेली उथळ बशी. बशीत साबण, पोटात गरम पाणी, आणि चोचीतून ब्रश बुडवायचा. त्या बशीत फेस फेटायचा नसतोच. तो चेहऱ्यावर करायचा. हे माहीत नसल्यामुळे जुन्या बाजारातून हौसेने आणलेले स्कटल शोकेसमध्ये जाऊन बसतात. आजचे स्कटल दुहेरी भिंतीचे असतात: बाहेरच्या पोकळीत गरम पाणी, आतल्या खळग्यात फेस. थंडीत केसांच्या उलट दिशेने रेझर फिरवताना कोमट फेस मिळतो, हे सुख खरंच आहे. पण पाणी उकळतं घेतलं तर फेस पातळ होऊन बसतो आणि चेहऱ्यावर लवकर सुकतो. हाताला सोसवेल इतकंच गरम घ्या. गार स्कटलमध्ये एकदम उकळतं पाणी ओतलं तर भांडं तडकू शकतं. बोअरवेलच्या पाण्याने पोकळीत क्षार साचतात आणि तिथे ब्रश किंवा बोट पोचत नाही. महिन्यातून एकदा चमचाभर लिंबूफूल गरम पाण्यात विरघळवून अर्धा तास भरून ठेवावं लागतं. एवढी उस्तवार करायची नसेल तर पैसे वाचवा.

सूपचा मग. आमचं मत याला. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचे चिनी मातीचे कानवाले सूप मग भांड्यांच्या दुकानात सहज मिळतात. दहा-अकरा सेंटिमीटर रुंद, सहा-सात खोल, तळ वाटोळा. आत आडव्या रेघा उठलेल्या असतील तर आणखी बरं, फेस त्यांना धरून राहतो.

आधी मगात गरम पाणी भरून ब्रश त्यातच भिजवा. डुकराच्या केसांच्या ब्रशला चार-पाच मिनिटं द्या. सिंथेटिकला नुसतं ओलं करणं पुरे. पाणी फक्त केसांपर्यंतच असू द्या, मुठीच्या जोडात शिरलं तर हळूहळू गोंद सुटतो. पाणी ओतून ब्रश दोनदा झटका. बदामाएवढी क्रीम मगात घ्या, किंवा कॉफी मगातल्या वडीवर ब्रश वीस-तीस सेकंद फिरवून साबण उचला. मग अर्धा-अर्धा चमचा पाणी घालत गोल फिरवा. पहिल्या अर्ध्या चमच्याला चिकट लेप होईल, तिसऱ्या-चौथ्याला तो घट्ट दह्यासारखा चकाकेल. तिथे थांबा. मोठे बुडबुडे दिसले तर ब्रश वर-खाली उचलला जातोय आणि नुसती हवा भरली जातेय. टोकं तळाला टेकलेली ठेवून हलक्या हाताने फिरवा. फेस मॅट आणि कोरडा दिसला तर पाणी कमी पडलंय. ब्रश दाबून चेपू नका, केस मुळाशी तुटतात.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर असाल तर मगाचा मोठा फायदा इथे आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चोथा करतं आणि फेस फाटतो. मगातल्या फेसाला सगळं मिळून दीड-दोन चमचे पाणी लागतं, तेवढं आरओ फिल्टरचं घ्या. तोंड धुवायला नळाचं चालतं.

दुकानात मग हातात घेऊन तळाशी तीन बोटं गोल फिरवून बघा. भिंत आणि तळ मिळतात तिथे टोकदार कोपरा लागला तर साबण तिथेच अडकून बसणार. तो मग चहाला घ्या.