बाग आखण्याआधी घेतलेली ३० मीटरची फायबर टेप

घरामागची जागा मी आधी पाच मीटरच्या पोलादी टेपने मोजली. खूण करायची, टेप उचलायची, पुन्हा खूण. एकाच कुंपणाची लांबी सकाळी १८.४० मीटर भरली, संध्याकाळी १८.६५. मग ही उघड्या रिळाची ३० मीटरची टेप घेतली. चार महिने वापरते आहे.

तिची खरी किंमत झाडं कागदावर आणताना कळली. घराचे दोन कोपरे पक्के धरले, अ आणि ब. मधलं अंतर ९.२० मीटर. लिंबाच्या बुंध्यापर्यंत अ पासून ११.३५, ब पासून ७.८०. एका मीटरला एक सेंटीमीटर धरून कंपासने दोन कंस मारले, ते छेदले तिथे झाड. नळ आणि चेंबरचं झाकणही असंच बसवलं. जागेचे दोन कर्ण मात्र सारखे येईनात. रुंदी पुन्हा घेतली, तर मागचं टोक ७० सेंटीमीटरने अरुंद! मी काटकोन गृहीत धरून आखलेली पायवाट त्याच दिवशी खोडली.

नऊ, बारा आणि तीन वाजता भिंतीची सावली कुठवर येते तेही हिनेच टिपलं. जिथे गुलाब लावणार होते, तो पट्टा दुपारपर्यंत सावलीतच असतो.

घेताना शून्य कुठे आहे ते पाहा. हिचं शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला आहे. मी पट्टीच्या सुरुवातीपासून धरलं आणि पहिल्या दिवसाची सगळी मापं कडीच्या लांबीइतकी जास्त आली. वाऱ्यात पट्टी फुगते, ताणून धरावी लागते. चिखलातून ओढली तर फडक्याने पुसतच गुंडाळा. माझ्या टेपवरचे सुरुवातीचे आकडे आताच फिके पडलेत, हे मला आवडलेलं नाही.

उतारावर टेप जमिनीला टेकवू नका, माप वाढतं. नकाशाला आडवं अंतर लागतं. टेप आडवी धरून, तिच्या टोकापासून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) जमिनीपर्यंत सोडून, टप्प्याटप्प्याने मोजा. उतार किती, हे काढायला गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी कामी येते.

५० मीटरचीही मिळते. माझा लांबचा कर्ण २३ मीटर, त्यामुळे ३० पुरली. आधी कर्ण पावलांनी मोजा, मग टेप घ्या.