तट की गलबतं?

माझ्या कल्पनेतल्या राज्यावर समुद्रापलीकडून परके चाल करून येतात. राज्य मी कोकणकिनाऱ्यावरच वसवलंय. त्याने लढायचं कसं, यासाठी दोन नमुने डोळ्यांपुढे आहेत.

एक विजयदुर्ग. वाघोटन खाडीच्या तोंडाशी, तिहेरी तटाचा. बघताना वाटतं, हा कसला पडतोय! पण फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून इंग्रजांचं आरमार आलं, जमिनीवरून पेशव्यांची फौज. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा; त्यांची जहाजं दाटीवाटीने उभी होती. एकाला आग लागली आणि बघता बघता त्यांचं सगळं आरमार जळालं, किल्लाही पडला. परक्याला आपल्याच माणसांची साथ मिळाली, हे मला आजही सलतं.

दुसरा मुंबईजवळचं खांदेरी बेट, १६७९. तिथे तट अजून धड उभाही नव्हता. शिवाजी महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी, त्यांची माणसं दगड रचत होती आणि इंग्रजांची जहाजं वाट अडवून बसलेली. वारा पडला की ती जागच्या जागी. आपल्या होड्या मात्र उथळ पाण्यातून वल्ही मारत, काळोखात रसद पोचवायच्या. शेवटी हटले ते इंग्रजच.

मी खांदेरीच्या बाजूचा. माझे खलाशी वल्ह्यांना गोणपाट गुंडाळतात, भरती-ओहोटी त्यांना तोंडपाठ आहे.

तट अगदीच टाकवत नाही. सिंधुदुर्गात भर समुद्रात दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तशी एक विहीर माझ्या बेटावर असेल, आणि तिच्यापुरता तट.