ऑलिव्हच्या रानातली जुनी रेल्वे लाईन: सायकलवरून १२८ किलोमीटर

बेळगावात टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटवर माझं किती आयुष्य गेलं याचा हिशेब मी कधी केला नाही. उद्यमबागेत आमचं मशीन शॉप. वर्षानुवर्षं सकाळी गेट पडलेलं, सायकलवर एक पाय टेकून मालगाडीचे डबे मोजायचे. असल्या माणसाला एप्रिलमध्ये चार दिवस रेल्वे लाईनवरूनच सायकल हाकायला मिळाली.

मुलगी-जावई माद्रिदला असतात. त्यांच्याकडं गेल्यावर जावई म्हणाले, "बाबा, तुम्हाला म्युझियममध्ये कंटाळा येईल, तुम्ही बिया बेर्दे करा." बिया बेर्दे म्हणजे हिरवी वाट. (लिहिताना व्ही आणि म्हणताना ब, ह्यात मला दोन दिवस गेले.) स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वे लाईनींचे रूळ उचलून तिथं सायकलीचे आणि पायी चालायचे रस्ते करायचं काम १९९३ पासून चाललंय. आजवर तीन हजार किलोमीटरच्या वर झालेत. मोटारींना त्यावर बंदी.

आम्ही केली ती 'बिया बेर्दे देल आसेइते', म्हणजे तेलाची वाट. अंदालुसियात हाएन शहरापासून पुएंते हेनिलपर्यंत, सुमारे १२८ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही लाईन मुख्यतः ऑलिव्हचं तेल वाहायला टाकली आणि १९८५ साली ती बंद झाली. म्हणून तिला तिथले लोक अजून तेलाची गाडीच म्हणतात. एक गंमत सांगतो. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचा, स्पेनचा १६६८. आठ मिलिमीटरचा फरक! आमच्या धंद्यात आठ मिलिमीटर म्हणजे जॉब रिजेक्ट, पण मला मात्र ती वाट लगेच घरच्यासारखी वाटली.

आता खरा मुद्दा, गुडघ्यांचा. माझं वय अठ्ठावन्न, हिचं चोपन्न. हिनं इलेक्ट्रिक सायकल घेतली, मी साधी. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी असते, त्यामुळं इंजिनाला उभा चढ चालत नाही. म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगर फोडला, ओढ्यावर पूल टाकला, पण चढ शंभराला दोन-तीनच्या वर जाऊ दिला नाही. त्याचा फायदा आज आपल्या मांड्यांना होतो. आजूबाजूला सगळे डोंगर, आणि आपण मात्र जांबोटीच्या चढावर जसा दम लागतो तसा एकदाही न लागता गावामागून गाव मागं टाकतोय. रस्ता कुठं डांबरी, कुठं दाबून बसवलेली माती. बारीक टायरची रेसिंग सायकल नेऊ नका.

आणि शांतता. नोव्हेंबरनंतर चिकोडी-निपाणीकडं सायकल घेऊन गेलेल्याला मी काय सांगतो ते कळेल. ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर स्पीकरवर गाणं, आणि तुम्ही साईडपट्टीच्या चिखलात. इथं तासभर माणूस दिसत नाही. दिसला तर हातात काठी घेतलेला एखादा म्हातारा, लांबूनच "बुएनास" म्हणून हात वर करतो. तिसऱ्या दिवशी मी मागं वळून बघायची सवयच सोडली.

वाटेवरचे लोखंडी पूल बघायला तरी प्रत्येक फौंड्रीवाल्यानं जावं. रिव्हेट मारून जोडलेले जाळीदार गर्डर, वेल्डिंगचा टिपूसही नाही. ग्वादाहोस नदीवरचा पूल सगळ्यात मोठा, दोनशे मीटरच्या आसपास. तिथूनच हाएन जिल्हा संपून कोर्दोबा जिल्हा लागतो. मी सायकल टेकवून रिव्हेटच्या डोक्यांवरून हात फिरवत बसलो. तापवून लाल केलेली रिव्हेट एकानं चिमट्यात धरायची, दुसऱ्यानं मागून टेकू द्यायचा, तिसऱ्यानं हाणायचं, असं एकेक करून हा पूल उभा राहिला. ही म्हणाली, "चला आता, पुलाला कोटेशन द्यायचंय का?" जिल्ह्याची हद्द ओलांडली तरी पाटीची भाषा बदलली नाही, हे मात्र आम्हा सीमाभागातल्या माणसांना जरा चुकल्यासारखं वाटलं.

आता दोष. सावली नाही. एकट्या हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत म्हणतात, पण ती ओळीत लावलेली, बुटकी, आणि वाटेपासून आत. पहिल्या दिवशी डोळे फाटतात, दुसऱ्या दिवशी दुपारी अथणीकडच्या उसासारखं वाटायला लागतं, जिकडं बघावं तिकडं तेच. एप्रिलमध्ये बांधाला लाल पॉपी फुललेले असतात, तेवढाच डोळ्यांना बदल. जुलै-ऑगस्टला तिथं पारा चाळिशी गाठतो, तेव्हा जाऊ नका. पाण्याच्या दोन बाटल्या गावात भरून घ्यायच्या, दोन गावांच्या मध्ये मिळेलच असं नाही. ईस्टरच्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, आम्ही त्यानंतर गेलो.

भाड्याच्या सायकलींबद्दलही सांगतो. दुकानाचं नाव घेत नाही. माझ्या मागच्या ब्रेकची पॅड पार झिजलेली निघाली, पंक्चर काढायचं सामान पिशवीत होतं, पण पंप नव्हता. मी जन्मभर दुसऱ्याचे जॉब तपासतो आणि सायकल घेताना ब्रेक दाबून बघितला नाही, ही चूक माझीच. तुम्ही बघा.

खाण्याचं बोलू. मी सगळं खातो, पण ही सोमवार-शनिवार पाळते. मार्तोसला सोमवारी "मांस नको" म्हणून सॅलड मागवलं, तर वर टूना मासा. मासा म्हणजे मांस नव्हे अशी त्यांची ठाम समजूत. मग "मासा नको, हॅम नको, अंडं नको" अशी जपमाळ म्हणायला ती शिकली. कोर्दोबाकडचं साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि तेल घोटून केलेलं घट्ट गार सार, वरचं हॅम आणि अंडं काढायला सांगितलं की उत्तम. पालक-हरभऱ्याची भाजी मिळते, ती मात्र थेट आपली. संध्याकाळी सातला भूक लागली तर उपाशी राहायची तयारी ठेवा, स्वयंपाकघर साडेआठ-नऊशिवाय पेटत नाही. आम्ही बेळगावहून नेलेला कुंदा असल्या वेळी कामाला आला.

रेल्वेची जुनी स्टेशनं कुठं कुठं खानावळी झालीत. काब्राच्या स्टेशनात तेलाच्या गाडीची माहिती मांडली आहे. पण एकच मुक्काम निवडायचा तर सुएरोस. कड्याला चिकटलेलं पांढरं गाव, टोकावर किल्ला. वाटेवरून गावापर्यंत मात्र खरा चढ आहे, रेल्वेचा नव्हे, गाढवाचा. मी उतरून ढकलत नेली. ही इलेक्ट्रिकवरून पुढं जाऊन वर थांबली होती, आणि मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला. तो आमच्या पहाटेच्या सायकल ग्रुपवर आहेच, वेगळा पाठवत नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी जावई गाडी घेऊन आले आणि आम्हाला काडिस प्रांतातल्या ओल्वेराला घेऊन गेले. तिथून पुएर्तो सेरानोपर्यंत ३६ किलोमीटरची दुसरी वाट, तीस बोगदे आणि चार पूल. ही लाईन १९२० च्या दशकात बांधायला घेतली, बोगदे खोदले, स्टेशनं उभी केली, पण तिच्यावरून गाडी कधी धावलीच नाही. कित्तूरमार्गे धारवाडची लाईन किती वर्षं कागदावर बघत बसलेल्या आम्हाला यात नवल वाटलं ते एवढंच, की निदान बोगदे तरी खोदले. उन्हातून बोगद्यात शिरलं की अंगावर गार वारा येतो, हे सुख तेलाच्या वाटेवर इतकं नाही. फक्त समोर लावायचा दिवा न्या.

वाटेत साफ्रामागोनचा कडा लागतो. त्यावर ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. वर बघितलं तर पंधरा-वीस तरी घिरट्या घालत होती. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर मी गिधाडं पाहिलेली. मग गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक औषधानं ती आपल्याकडं मरत गेली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आम्ही दोघं तिथं बराच वेळ मान वर करून उभे राहिलो. जावई गाडीत वाट बघत होते, तरी.

पाचापैकी तेलाच्या वाटेला चार. एक गुण सावलीचा कापला. बोगद्याच्या वाटेला साडेचार, पण ती एका दिवसात संपते. दोन्हीतली एकच करायची आणि तीन-चार दिवस हातात असतील, तर तेलाची करा.

येताना हाएनकडचं पिकुआल जातीच्या ऑलिव्हचं तेल आणलं, डबा कपड्यांत गुंडाळून. कडवट, घशात तिखट लागतं. ही ते पोह्यांना वापरू देत नाही, वास नको म्हणते. मी सकाळी ज्वारीच्या भाकरीवर ओततो, वर शेंगदाण्याची चटणी. डबा अर्धा संपलाय.